नगरची कृपाबाई आणि मुलाखतीतला शेवटचा प्रश्न

गेल्या दिवाळीत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा मला फोन आला. ती आमच्यानंतर वीसेक वर्षांनी दहावी झालेली. परदेशात एम. एस. करायचे आहे, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे पत्र आले आहे. "ताई, माझी थोडी तयारी करून घ्याल का?" असे तिने विचारले. मी लगेच हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण अशाच एका मुलाखतीला मी २००३ साली गेले होते, आणि शिकायला परदेशी काही गेले नव्हते.

तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर चार प्रश्न लिहून काढले होते. हाच विषय का? तो इथे शिकता येत नाही का? शिकून परत येणार का? आणि शेवटचा, शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय करणार? पहिल्या तिन्हींची उत्तरे मी आरशासमोर उभी राहून पाठ केली. चौथा सोडून दिला. शुभ कामाला निघताना असे कशाला मनात आणायचे, असे आई म्हणाली आणि मलाही ते पटले. माळीवाड्याच्या स्टँडवरून रात्रीच्या एसटीने अण्णांबरोबर मुंबईला गेले. समितीने नेमका तो चौथा प्रश्न विचारला आणि मी गप्प बसले. तरी यादीत माझे नाव आले. पण ती शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. जामीनदार हवा होता. अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर. त्यांनी चार दारे ठोठावली. जामीन राहायला कोणी तयार झाले नाही. मी पुण्याला नोकरीला लागले.

त्या मुलीला मुलाखतीचे तंत्र सांगण्याआधी मी एक जुनी हकिकत सांगितली. ती आपल्या नगरची असल्यामुळे या स्मरणिकेत लिहावीशी वाटते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपले ठाणे केले. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन शिक्षिका १८३९ मध्ये मुंबईहून इथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच फॅरारबाईंकडे. १८६२ साली फॅरारबाई नगरलाच वारल्या. त्याच वर्षी नगरमध्ये हरिपंत आणि राधाबाई या ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या दांपत्याच्या पोटी कृपाबाईंचा जन्म झाला. चौदा भावंडांत त्या तेराव्या. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. मोठा भाऊ भास्कर याने बहिणीला पुस्तकांची गोडी लावली, तिला शिकवले, तिच्याशी बरोबरीने चर्चा केली. पण तोही तरुणपणीच वारला.

पुढे कृपाबाई मुंबईच्या शाळेत राहू लागल्या. तिथे एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरशी परिचय झाला आणि आपणही डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले. इंग्लंडला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली! लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय निघाले होते १८७४ साली, म्हणजे ते दार तिथेही नुकतेच उघडले होते. नगरची ही मुलगी गेली असती तर आनंदीबाई जोशी यांच्या आधी काही वर्षे पोहोचली असती. पण प्रकृती नाजूक असल्याने तिला इतक्या दूर पाठवू नये, असे ठरले. बुद्धी पसंत पडली होती, अडले ते तब्येतीवर.

मग काय करणार? तोच शेवटचा प्रश्न. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. १८७८ साली कृपाबाई तिथे दाखल झाल्या. मद्रासमध्ये रेव्हरंड सत्यनादन यांच्या कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पहिल्या वर्षी त्या उत्तम चमकल्या, पण वर्षभरातच तब्येत ढासळली आणि अभ्यास सोडून त्या पुण्याला बहिणीकडे आल्या. १८८१ मध्ये सत्यनादन यांचे चिरंजीव सॅम्युअल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उटकमंडला असताना त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली, लेख लिहिले आणि मग इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या, 'सगुणा' आणि 'कमला'. 'सगुणा' ही बरीचशी त्यांचीच कहाणी आहे. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात. १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई वारल्या.

आपल्याकडे 'पहिली' कोण याची यादी असते. आगबोटीवर चढली तिचे नाव त्या यादीत येते. निवड होऊनही जिला जाता आले नाही, तिचे नाव शाळेच्या फळ्यावर कोणी लिहीत नाही. मी नगरमध्ये दहा वर्षे शाळेत गेले, पण कृपाबाईंचे नाव ऐकले ते नोकरीला लागल्यावर.

आनंदीबाईंनाही मुलाखत द्यावी लागलीच, पण ती लोकांपुढे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला (आपले नव्हे, बंगालमधले!) त्यांनी इंग्रजीत भाषण केले आणि लोक विचारत असलेले सहा प्रश्न एकेक करून घेतले. अमेरिकेला का जाता? भारतात शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? संकट आले तर? कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्ही का करता? माझ्या वहीतले प्रश्न याहून फार वेगळे नव्हते. त्यांच्याजवळ उत्तरे होती, आणि समुद्रापलीकडे न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंनी घराचे दार उघडे ठेवले होते.

'परत येणार का' या प्रश्नाचेही एक उदाहरण त्या मुलीला सांगितले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. जूनमध्ये करारावर सही झाली. १९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. करार विद्यार्थ्याकडून लिहून घेतला होता, गावाकडून कोणी लिहून घेतला नव्हता.

इतके सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आले की चौथ्या प्रश्नाचे उत्तर उमेदवार एकटा देऊच शकत नाही. कृपाबाईंना मद्रास म्हणता आले, कारण तीन वर्षे आधी कोणीतरी ते दार उघडले होते आणि कोणीतरी घरात जागा दिली होती. मी २००३ साली गप्प बसले, त्याचे कारण फक्त पाठांतर कमी पडले हे नव्हते.

आम्ही सहा रविवार व्हिडिओ कॉलवर तयारी केली. पाठ केलेले उत्तर आले की मी तिला थांबवायची. चौथा प्रश्न दर वेळी विचारला. सुरुवातीला ती माझ्यासारखीच अडखळली. शेवटच्या रविवारी तिने शांतपणे सांगितले की नाही मिळाली तर इथेच एम. टेक. करीन, त्याच विषयावर काम करीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन.

मुलाखत झाली आहे. हा अंक छापायला जाईपर्यंत निकाल लागलेला नाही. शिष्यवृत्ती कर्जाऊच आहे. जामीनदार लागलाच, तर आमच्या १९९६ च्या तुकडीतल्या दोघांनी नावे देऊन ठेवली आहेत. त्यातले एक माझे आहे.