डोडोची पाठचिकित्सा

संगणकावर घडवलेले एखाद्या वन्य पक्ष्याचे चित्र 'हुबेहूब' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते कशाशी ताडून? खंड्या किंवा साळुंकी असेल तर प्रश्नच नाही; चित्र घेऊन पाणवठ्यावर जावे आणि पडताळावे. डोडोच्या बाबतीत ही सोय नाही. मॉरिशस बेटावरील हा न उडणारा पक्षी १५९८ मध्ये डच खलाशांनी नोंदवला आणि त्याच्या अखेरच्या दर्शनाचे वर्ष म्हणून सामान्यतः १६६२ मानले जाते. तरीही त्याची त्रिमित चित्रे आज विपुल आहेत. पीस न पीस वेगळे, चोचीवर ओलसर चकाकी, डोळ्यात आकाशाचे प्रतिबिंब. मूळ प्रत नष्ट झालेल्या ग्रंथाची ही सुबक आवृत्ती आहे, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहावे.

पाठचिकित्सेचा पहिला धडा असा, की हस्तलिखिते मोजायची नसतात, जोखायची असतात. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. डोडोच्या इतिहासात नेमकी हीच गफलत झाली. रोलांट सॅव्हरी या फ्लेमिश चित्रकाराने १६२० च्या दशकात रंगवलेला लठ्ठ, ढेरपोट्या, बेढब पक्षी पुढे असंख्य चित्रकारांनी गिरवला. १८६५ साली निघालेल्या 'ॲलिस'च्या पुस्तकातील टेनिएलचा डोडोही त्याच कुळातला. प्रती वाढत गेल्या आणि प्रतींची संख्या हाच पुरावा ठरला.

हाडे सापडल्यावर तरी चित्र बदलायला हवे होते. त्याच १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क यांना मॉरिशसमधील 'मार ओ सोंज' या दलदलीत डोडोची अस्थी मोठ्या संख्येने मिळाली. ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे पोहोचली. शरीररचनाशास्त्रातला हा दिग्गज; पण १८६६ मध्ये त्याने सांगाडा जुळवला तो सॅव्हरीच्या चित्राच्या बाह्यरेषेत बसवून! हाडांनी चित्र तपासायचे, तर इथे चित्रानेच हाडांना वाकवले. १८७२ मध्ये ओवेनने स्वतःच दुरुस्ती करून पक्ष्याला अधिक ताठ उभे केले. परंतु लोकमानसात लठ्ठ डोडोच राहिला.

संगणकाने खरी मदत केली ती इथे. संग्रहालयांतले बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडे एकत्र जोडून केलेले आहेत. संपादकीय परिभाषेत सांगायचे तर 'मिश्र पाठ'. एतिएन थिरिऊ या हौशी संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेला, पोर्ट लुईमध्ये असलेला सांगाडा मात्र एकाच पक्ष्याचा आहे. तो आणि दर्बानमधील दुसरा सांगाडा लेसरने त्रिमितीत नोंदवून लिऑन क्लासेन्स व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. गुडघ्याच्या वाटीसारखी आजवर अवर्णित हाडे त्यात प्रथमच पुढे आली. पुढच्याच वर्षी आणखी एका संगणकीय अभ्यासाने पक्ष्याचे वजन ८ ते १०.८ किलो असावे असे मांडले. सॅव्हरीची ढेरी हाडांवर टिकत नाही.

पण हाडांवर पिसे नसतात. रंग, पिसाऱ्याचा पोत, मानेचा डौल या सर्वांसाठी संगणकापुढे बसलेल्या चित्रकाराला पुन्हा सतराव्या शतकाच्या दारात उभे राहावे लागते. तिथे आपल्याकडचा एक साक्षीदार आहे. जहांगीराने 'नादिर-उल-अस्र' ही पदवी दिलेल्या उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे, साधारण १६२५ चे एक चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे, तेव्हा जिवंत पक्षी या भूमीवर आले होते हे निश्चित. मन्सूरच्या तपकिरी डोडोभोवती पट्टकदंब हंस, ट्रॅगोपॅन, भटतीतर असे आपल्याकडचे पक्षी आहेत, आणि ते आजही ताडून पाहता येतात. ते इतके अचूक उतरले आहेत की मधल्या पाहुण्याबद्दलही त्याच्या शब्दावर, म्हणजे कुंचल्यावर, विश्वास ठेवावासा वाटतो. सॅव्हरीच्या शंभर नकलांपेक्षा ही एक प्रत वजनदार.

पाठभेद म्हणजे प्रमाद, असेही नेहमी समजू नये. डोडोचा पिसारा कुणी करडा लिहितो, कुणी काळा. २०१७ मध्ये डेल्फिन अँग्स्ट व सहकाऱ्यांनी हाडांच्या सूक्ष्मरचनेवरून मांडले, की हा पक्षी ऑगस्टच्या सुमारास विणीला लागत असावा आणि मार्चच्या आगेमागे पिसे टाकत असावा. तसे असेल तर परस्परविरोधी भासणाऱ्या नोंदी वेगवेगळ्या ऋतूंतल्या असू शकतील, आणि दोन्ही खऱ्या.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानावर वर स्वीकृत पाठ असतो आणि खाली पाठभेदांची दाट रांग. शंकास्पद शब्दाखाली नागमोडी रेघ. वाचकाला संपादकाशी भांडायची मुभा त्या रांगेने मिळते. संगणकीय डोडोला ही तळटीपच नाही. लेसरने मोजलेली मांडी आणि कल्पनेने रंगवलेली शेपटी एकाच झळाळीने समोर येतात; निश्चित आणि संभाव्य यांतली रेघ पुसली जाते, आणि तंत्र जितके निपुण तितकी ती पूर्णपणे पुसली जाते. ऑक्सफर्डच्या डोक्यावर वाळलेली त्वचा शिल्लक आहे. तेवढे डोके पूर्ण रंगात दाखवावे, सांगाड्यावरून ठरलेली देहरेषा ठळक ठेवावी आणि उरलेला पिसारा धूसर सोडावा, असे एखादे चित्र आम्हांस पाहायला आवडेल. ते भिंतीवर लावायला कुणी विकत घेणार नाही, हे मान्य.