अण्णाकाकांचं सीगल

गेल्या महिन्यात पुतण्याने माळा झाडताना गोणपाटात बांधलेलं एक धूड खाली आणलं आणि विचारलं, "काका, भंगारवाल्याला देऊ?" मी नको म्हणालो. होडीचं इंजिन आहे ते.

देवरूखच्या डोंगरात होडीचं इंजिन कुठून, असं नव्या मंडळींना वाटेल. पण शास्त्री नदी आमच्याच तालुक्यातली. एके काळी जयगडच्या खाडीतून गलबतं पार संगमेश्वरपर्यंत येत. गाळ साचला तसं बंदर खाली सरकलं आणि फुणगूसला महत्त्व आलं. अण्णाकाकांची होडी त्याच खाडीतली. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली. उतारूंनी घड्याळ नव्हे, तिथी पाहायची.

होडीच्या मागे अडकवायचं इंजिन घरोघरी नेलं ते ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने, १९०९ पासून. आमचं मात्र ब्रिटिश सीगल, म्हणजे आपला कुरव पक्षी. हे इंजिन इंग्लंडात १९३१ ते १९९६ पर्यंत बनलं, बराच काळ पूल नावाच्या बंदरगावी. (नाव लक्षात ठेवा.)

अण्णाकाकांनी ते १९७२ साली मुंबईहून जुनं आणलं. त्याआधी माझ्याकडे दीडशे रुपये उसने मागितले होते. मी नुकता मास्तर झालो होतो. "हातात वल्हं असताना यंत्राचा सोस कशाला?" असं चांगल्या वळणदार अक्षरात लिहून पाठवलं. मग काकूच्या पाटल्या गेल्या. पुढे रस्ता झाला, पूल झाला, एसटी आली आणि इंजिन माळ्यावर गेलं.

आता तपासणी. चाक हाताने फिरेना. स्पार्क प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल घालून चार दिवस ठेवलं, पाचव्या दिवशी जरा हललं. गिअरच्या डब्यातलं तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे पाणी शिरलेलं. थंड पाणी खेळवणाऱ्या वाटा मिठाने बुजलेल्या, त्या तारेने मोकळ्या केल्या. मॅग्नेटोचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर बदलला. गावातला स्कूटर दुरुस्त करणारा पोरगा म्हणाला, "सर, ही तर जुनी टू-स्ट्रोकच!" दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल, एवढंच त्याला नवल वाटलं.

पितळी टाकीला एक पोचा आहे. पोरगा ठोकून सरळ करतो म्हणाला, रंगही देतो म्हणाला. मी दोन्ही करू दिलं नाही. टाकीच्या बुडाशी अण्णाकाकांनी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं आहेत. त्यातलं पहिलं काकूचं आहे.

परवा अंगणात पाण्याच्या पिंपात उभं करून गाठीची दोरी गुंडाळली. नवव्या हिसक्याला सुरू झालं. या जातीला क्लच नाही, सुरू होताच पंखा फिरतो, त्यामुळे अर्धं पिंप माझ्या धोतरावर. निळा धूर पडवीभर झाला. काकूची सून मागच्या दारी येऊन उभी होती. तिला ते दीडशे रुपयांचं पत्र दाखवलं. ते इंजिनाबरोबरच गोणपाटात होतं.