एकट्याचा कर आणि वजावटीचा हक्क

'एकटा जीव सदाशिव' असे आपण सहज म्हणून जातो. १९५५ साली ही समजूत थेट कायद्यात शिरली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्राप्तिकरासाठी विवाहित आणि अविवाहित असा भेद केला. तोवर उत्पन्नातील पहिले १,५०० रुपये सर्वांनाच करमुक्त धरले जात. विवाहितांसाठी ते २,००० झाले, अविवाहितांसाठी १,००० वर आले. वर्षाला ४,२०० रुपयांपर्यंत ज्याची प्राप्ती, त्याला कर नव्हताच. म्हणून साधा गिरणी कामगार यातून सुटला. सापडला तो बरा पगार मिळवणारा कारकून, अध्यापक, कुशल कारागीर.

संसाराचा भार ओळखावा, हा हेतू वाजवीच होता. परंतु लग्न झाले नाही म्हणून भार नाही, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. गावी म्हाताऱ्या आईला मनिऑर्डर धाडणारा, धाकट्या भावाची फी भरणारा अविवाहित मनुष्य कागदावर एकटा असतो, चुलीपाशी नसतो. पुढे १९७० च्या अंदाजपत्रकात इंदिरा गांधींनी सर्व व्यक्तींना सरसकट ५,००० रुपयांची करमुक्त मर्यादा दिली आणि हा भेद मिटला.

कोणाला पोसतोस, हा एक प्रश्न झाला. दुसरा प्रश्न असा : कमावण्यासाठी तुला खर्च काय येतो? दुकानदार जागेचे भाडे, दिवाबत्ती, नोकरांचा पगार वजा करतो आणि उरलेल्या नफ्यावर कर देतो. त्याला कोणी सवलत म्हणत नाही. मग पगारदाराचे गाडीभाडे, त्याची पुस्तके यांनाच सवलत का म्हणावे? १९७४ साली, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, अशा सुट्या वजावटींच्या जागी एक ठोक प्रमाणित वजावट आली. तिची कमाल मर्यादा ३,५०० रुपये होती. पावत्या जपण्याचा जाच गेला.

२००५ साली करमुक्त मर्यादा एक लाखावर नेताना ही वजावट काढून टाकण्यात आली. २०१८ साली ती ४०,००० रुपयांची होऊन परतली. पण त्याच वेळी प्रवासभत्त्याची १९,२०० आणि औषधोपचाराची १५,००० रुपयांची सूट गेली. म्हणजे एका हाताने ४०,००० दिले, दुसऱ्या हाताने ३४,२०० घेतले. पदरी पडलेली जादा वजावट ५,८०० रुपयांची. घोषणा ऐकताना वजाबाकीही करावी, ती अशी.

२०२० साली पर्यायी करपद्धती आली आणि २०२३ पासून, आपण दुसरी निवडली नाही तर तीच लागू धरली जाते. तिचे दर कमी आहेत, आणि २०२४ साली तिच्यातील प्रमाणित वजावट ७५,००० रुपये झाली. मात्र घरभाडे भत्त्याची सूट, भविष्य निर्वाह निधीतील आपल्या वर्गणीची वजावट, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता, हे सारे जुन्या पद्धतीत मोजले जाते, नव्यात नाही. भाड्याच्या खोलीत राहून आईवडिलांचा विमा भरणाऱ्या एकट्या पगारदाराने म्हणूनच दोन्ही हिशेब मांडून मग पद्धत निवडावी.

नव्या पद्धतीत विवाहित-अविवाहित भेद नाही हे खरे. पण गावच्या आईची नोंदही तिच्यात नाही. सुटसुटीतपणा आम्हांसही हवा आहे. तो कोणाचा खर्च पुसून मिळतो, हे विचारण्याचा हक्क मात्र आपण सोडू नये.