कावीळ : एक नाम, अनेक व्याधी व बालकांतील संक्रमण

मराठीतील ‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’ या शब्दापासून आला आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे (‘ग्राम’–‘गाव’, ‘नाम’–‘नाव’) व ‘ल’चा ‘ळ’ होणे (‘फल’–‘फळ’) हे दोन्ही विकार मराठीच्या घडणीत नित्याचे आहेत. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकरणात कामलेचे वर्णन येते. डोळे, त्वचा व नखे हळदीसारखी होणे हे तिचे लक्षण सांगितले आहे. शब्दाचे रूप पालटले, परंतु त्याचा आधार पालटला नाही. जे डोळ्यांना पिवळे दिसते ती कावीळ, ही समजूत शतकानुशतके टिकून राहिली. आणि जे पिवळे दिसत नाही ती कावीळ नव्हे, असे आपोआपच ठरून गेले. बालकांमधील या रोगाचा प्रसार दीर्घकाळ दृष्टीआड राहिला, त्याचे एक कारण येथे सापडते.

वऱ्हाडापुरते पाहिले, तर शब्द लोकांच्या तोंडी असूनही सरकारी दप्तरात त्याला जागा नव्हती. ब्रिटिश अमदानीतील मृत्यूंच्या नोंदीत पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात व इतर असे रकाने असत. गावपातळीवर नोंद करणारे वैद्य नसत. काविळीने दगावलेले मूल ‘ताप’ किंवा ‘इतर’ या सदरात जाई. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील बालकांच्या काविळीचा जुना इतिहास आकड्यांतून उभा करणे शक्य नाही. तो रोगाच्या स्वरूपावरून व प्रदेशाच्या रचनेवरूनच समजून घ्यावा लागतो.

एका नावाखाली एकाहून अधिक व्याधी आहेत, हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्पष्ट होऊ लागले. १९४७ मध्ये मॅक्कॅलम या ब्रिटिश संशोधकाने अन्नपाण्यातून येणाऱ्या व रक्तावाटे येणाऱ्या काविळीला अनुक्रमे ‘अ’ व ‘ब’ अशी नावे सुचविली. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सांडपाण्याने दूषित झालेल्या यमुनेच्या पाण्यातून मोठी साथ पसरली व सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. ती ‘अ’ प्रकारचीच मानली गेली. तथापि तिचा मुख्य आघात तरुण प्रौढांवर होता आणि गर्भवती स्त्रियांत ती विशेष घातक ठरली. राखून ठेवलेले रक्तनमुने १९८० मध्ये तपासले असता ती ‘अ’ नव्हती, असे निष्पन्न झाले. पुढे तिला ‘ई’ हे नाव मिळाले.

बालकांचा रोग तो ‘अ’. त्याची लागण झालेल्या सहा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांत कोणतेही लक्षण दिसत नाही. तरीही त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. ज्यांना कावीळ दिसू लागते, त्यांच्याही बाबतीत डोळे पिवळे होण्यापूर्वीचे एकदोन आठवडे संसर्गाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात. गावातील जाणता चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवू’ लागतो, तोवर प्रसाराचे बहुतेक कार्य उरकलेले असते. आणि ‘अ’ प्रकार बहुधा आपोआप बरा होत असल्याने श्रेय मात्र त्या उताऱ्यास मिळते.

हे ज्ञान बालकांना किंमत मोजावयास लावून मिळाले आहे, याचा विसर पडू नये. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या शासकीय संस्थेत सॉल क्रुगमन यांनी १९५६ पासून मुलांना हेतुपुरस्सर लागण करून प्रयोग केले. १९६७ मध्ये त्यांनी लहान व दीर्घ अधिशयनकालाचे दोन भिन्न रोग असल्याचे दाखविले. पालकांची संमती घेतली होती, व त्या संस्थेत लागण तशीही अटळ होती, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र हेन्री बीचर यांनी १९६६ मध्येच या प्रयोगांवर आक्षेप घेतला होता. लागण अटळ करणारी अस्वच्छता दूर करावयाची, की तिचा उपयोग करून घ्यावयाचा, हा प्रश्न त्या युक्तिवादाने सुटत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पाण्याशी येऊन मिळतो. घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल खारे असल्यामुळे गोडे पाणी दुरून आणणे व साठविणे लोकांना भाग पडत आले आहे. पाणी साठवावे लागले की रांजणात पेला बुडतो, पेल्याबरोबर हात बुडतो. पाणी जपून वापरावयाचे असल्याने हात धुणे मागे पडते. एका निरोगी दिसणाऱ्या मुलाकडून भावंडांपर्यंत व सवंगड्यांपर्यंत विषाणू पोहोचण्यास एवढे पुरेसे होते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने १९८२ ते १९९८ या काळातील नमुन्यांची तुलना केली, तेव्हा शहरातील सुस्थितीतील कुटुंबांत ‘अ’ची बालपणीची लागण घटलेली, तर ग्रामीण भागात ती जवळजवळ सार्वत्रिकच राहिलेली आढळली. स्वच्छतेचा लाभ मिळालेले मूल लागण टाळून मोठे होते; पुढे प्रौढपणी लागण झाल्यास रोग अधिक तीव्र असतो. म्हणून अर्धवट सुधारणेच्या काळात लसीचे महत्त्व वाढते. ‘ब’ प्रकाराचा मार्ग तर वेगळाच आहे. तो प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे जातो व लागण झालेल्या नवजातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत कायमचा राहतो. त्यावरील लस २०११ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर दिली जाऊ लागली.

‘कावीळ’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. लक्षणाचे नाव म्हणून तो अचूक आहे. परंतु आईला ‘मुलाला कावीळ झाली होती का?’ असे विचारून प्रसाराचा माग काढणारा मनुष्य अर्ध्याहून अधिक वाहकांना मोजणीबाहेर ठेवतो. ज्या मुलाचे डोळे कधी पिवळे झालेच नाहीत, त्याच्यापर्यंत गोडे पाणी, शौचालय व लस पोहोचली की नाही, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे.