‘सरफोजी’ या नावाची कुळकथा

आपल्या मंडळातील कोणत्याही बारशाला हल्ली एक प्रश्न हटकून निघतो. आत्याबाई पाळण्याशी वाकण्यापूर्वीच कुणीतरी विचारते, ‘‘पण हे नाव शेजाऱ्यांना म्हणता येईल ना?’’ परमुलखात संसार थाटलेल्या आम्हा मराठी माणसांची ही चिंता आजची नव्हे. म्हणूनच महाराष्ट्रात क्वचित कानी पडणाऱ्या, पण तंजावरात सर्वतोमुखी असलेल्या ‘सरफोजी’ या नावाची हकिकत येथे सांगावीशी वाटते.

या नावाचे मूळ तंजावरात नाही. ते वेरूळच्या भोसल्यांच्या घरात आहे. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने दोन पुत्र झाले, आणि पिराच्याच नावाची वाटणी करून थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी ठेवले, असे परंपरा सांगते. ‘शरीफ’ हा अरबी शब्द. अर्थ कुलीन, थोर. त्याला आपला आदरार्थी ‘जी’ जोडला गेला आणि नाव मराठी झाले. शहाजीराजांची कीर्ती दिगंत झाली. शरीफजी मात्र 1624 मध्ये भातवडीच्या रणांगणावर पडले.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावरची गादी हस्तगत केली. त्यांच्या मुलांची नावे पाहावीत : थोरला शहाजी, त्याच्या पाठचा सरफोजी. वेरूळची जोडी कावेरीकाठी पुन्हा अवतरली! ‘सरफोजी’ हे शरीफजीचेच बोलण्यात घडलेले रूप. आजोबांबरोबर रणात पडलेल्या चुलत आजोबांचेही नाव घराने पुन्हा पाळण्यात घातले. पुढे शहाजींनी 1684 ते 1712 आणि सरफोजींनी 1712 ते 1728 राज्य केले.

आता शेजाऱ्यांच्या जिभेचा प्रश्न. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या साऱ्यांचे काम ‘प’ हे एकच अक्षर करते. साहजिकच तेथे सरफोजीचा ‘सरबोजी’ झाला. संस्कृत पंडितांनी त्याला ‘शरभोजी’ केले, आणि नावाला नवा अर्थ लाभला. शरभ म्हणजे नरसिंहाचा क्रोध शमविण्यासाठी शिवाने घेतलेले सिंह व पक्षी यांचे मिश्र रूप. कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनम् येथील मंदिरात शरभेश्वराची आजही भक्तिभावाने पूजा होते. पिराच्या आशीर्वादाने आलेले नाव अशा रीतीने त्या भूमीच्या दैवताशी जाऊन मिळाले.

दुसरे सरफोजी (1777–1832) हे तर या नावाचे भूषण. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व आसपासचा मुलूख तेवढा उरला. त्यांनी आपले चित्त ग्रंथांकडे वळविले आणि सरस्वती महालाचा संग्रह वैभवास नेला. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरविला, तो मराठीत. तमिळ कवीने त्यांच्यावर ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली. मनोरा नावाचा त्यांचा बुरूज ज्या समुद्रतीरावर उभा आहे, ते गावही शरभेंद्रराजपट्टणम्. 1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. पण नाव खालसा करता आले नाही. राजा सरफोजी यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आज तेथे आहे, आणि तेथील विद्यार्थी ते नाव आपापल्या उच्चाराने घेतात.

एका नावाचे असे तीन उच्चार आणि दोन अर्थ झाले, तरी घराने ते टाकले नाही. तेव्हा पुढच्या बारशाला पणजोबांचे एखादे विसरलेले नाव कुणी सुचविले, तर ते अवघड म्हणून आपण लगेच बाजूस सारू नये. शेजारी ते त्यांच्या परीने म्हणतील. घरात आपण ते नीट म्हणत राहिलो, म्हणजे पुष्कळ झाले.