इतिहासाचा पहिला धडा कोणता?

शाळेतल्या शिक्षकाच्या हाती ठरलेले पुस्तक असते. त्यामुळे इतिहास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईवडिलांना मात्र पहिल्याच दिवशी तो सोडवावा लागतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याची दोन मुख्य उत्तरे पुढे आली. एक म्हणते, आपल्या देशापासून. दुसरे म्हणते, पृथ्वीपासून.

पहिल्या उत्तराची ठाम पुरस्कर्ती म्हणजे इंग्लंडमधील शार्लट मेसन. तिचे ‘होम एज्युकेशन’ 1886 मध्ये निघाले. सगळ्या राजांची जंत्री देणारी छोटी पुस्तके तिला नापसंत होती. मुलाने एकाच माणसाच्या किंवा एखाद्या लहानशा कालखंडाच्या सहवासात रमावे, त्या काळची माणसे कसा विचार करीत हे त्याला आतून कळावे, असा तिचा आग्रह होता. तिच्या अभ्यासक्रमात मूल आधी इंग्लंडच्या गोष्टी ऐके. फ्रान्स आणि प्राचीन जग नंतर येई.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेचे मुख्याध्यापक व्ही. एम. हिलियर यांनी नेमकी उलट वाट धरली. ही शाळा 1906 पासून घरी शिकणाऱ्यांसाठी टपालाने धडे पाठवत असे. मुले वर्षानुवर्षे फक्त अमेरिकेचाच इतिहास घोकतात आणि त्याआधीही जग होते हे त्यांच्या गावीही नसते, ही हिलियर यांची तक्रार होती. त्यांचे ‘अ चाइल्ड्स हिस्टरी ऑफ द वर्ल्ड’ (1924) पृथ्वीच्या जन्मापासून सुरू होते. त्यातला काळाचा जिना आजही वापरण्याजोगा आहे. एक पायरी म्हणजे शंभर वर्षे, दहा पायऱ्यांचा टप्पा म्हणजे हजार. हा जिना घरातल्या मोकळ्या भिंतीवर काढून पायऱ्यापायऱ्यांवर माणसे आणि प्रसंग रंगवावेत, आणि ती भिंत मुलाच्या बिछान्यासमोर असेल तर फारच उत्तम, असे त्यांनी सुचवले. सनावळी पाठ करून घेण्यापेक्षा ही युक्ती केव्हाही सरस.

भारतात याच वाटेने गेलेले सर्वांत प्रसिद्ध पालक म्हणजे जवाहरलाल नेहरू. 1928 च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि ते अलाहाबादला. त्यांनी लिहिलेल्या तीस पत्रांत राजेमहाराजे बरेच उशिरा येतात. सुरुवात होते ती दगडधोंड्यांपासून. नदीकाठचा गुळगुळीत गोटा एकेकाळी मोठ्या खडकाचा ओबडधोबड तुकडा होता. पाण्याबरोबर घरंगळत तो कसा झिजला, हे वाचता आले की निसर्गाचे पुस्तक उघडते, हा त्यातला पहिला पाठ. पत्रांची ही मालिका रामायण-महाभारतापाशी थांबते. पुढे तुरुंगातून 1930 ते 1933 या काळात लिहिलेल्या पत्रांतून जगाचा इतिहास उभा राहिला, पण तोवर वाचणारी मुलगी तेरा वर्षांची होत आली होती.

आज अमेरिकेतल्या घरशिक्षणात सुझन वाइज बाउर आणि त्यांच्या आई जेसी वाइज यांची 1999 मध्ये मांडलेली योजना बरीच रुळली आहे. प्राचीन काळापासून वर्तमानापर्यंतचा प्रवास चार वर्षांत करायचा आणि बारा वर्षांत तो तीनदा घडवायचा. क्रम चोख राहतो, हे खरे. पण पहिल्या फेरीत सहा वर्षांच्या मुलापुढे मेसोपोटेमिया येतो आणि त्याच्या आजोबांचा काळ चौथ्या वर्षाची वाट पाहत बसतो.

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळाने ही दोन्ही उत्तरे एकापाठोपाठ ठेवली. अनेक पिढ्यांनी इयत्ता चौथीत ‘शिवछत्रपती’ वाचले. ज्या गडांच्या प्रतिकृती मुले दिवाळीत अंगणात मातीने उभारतात, ते गड त्यांना तिथे भेटले. 2015 च्या पाचवीच्या पुस्तकात मात्र आधी इतिहास म्हणजे काय ते सांगून मग पृथ्वीवरचे सजीव, उत्क्रांती आणि अश्मयुगीन माणूस येतो. काळाचा क्रम यात उलटा होतो, पण मुलाच्या ओळखीचा क्रम सुटत नाही. घरी शिकवणाऱ्याला सुरुवात करायला हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे. पाचवीच्या वर्षी भिंतीवर हिलियर यांचा जिना तेवढा काढावा.