गोंदियावरून गेलेली राजाची गाडी

आजचा भाग गोंदिया स्टेशनच्या पुलावर उभं राहून ऐकलात तर जास्त मजा येईल. कारण खालून जाते ती हावडा-मुंबई लाईन, आणि जानेवारी 1912 मध्ये याच वाटेने इंग्लंडचा राजा गेला. पाचवा जॉर्ज, सोबत राणी मेरी.

दिल्ली दरबार सगळ्यांना माहीत असतो, 12 डिसेंबर 1911. पण राजा आला कसा आणि गेला कसा, हे शाळेत कोणी सांगत नाही. आला बोटीने. ‘मेदिना’ हे पी अँड ओ कंपनीचं कोरं करकरीत जहाज होतं. त्याला एक जास्तीची डोलकाठी बसवून राजेशाही नौका करून टाकलं. 2 डिसेंबरला ते मुंबईला लागलं. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतं बरं का, ते या भेटीची आठवण म्हणून नंतर बांधलं आणि 1924 ला खुलं झालं.

परतताना राजाने 8 जानेवारीला कोलकाता सोडलं आणि 10 जानेवारीला मुंबईहून बोट धरली. मधे नागपूर. कोलकात्याहून बंगाल नागपूर रेल्वेने, म्हणजे बीएनआरने नागपूर गाठायचं तर रस्ता एकच: बिलासपूर, रायपूर, राजनांदगाव, डोंगरगड आणि आपलं गोंदिया.

अशी खास गाडी यायची म्हणजे तिच्यापुढे एक पायलट इंजिन धावायचं. रुळांत काही घातपात असेल तर आधी ते उडेल, राजा वाचेल! (त्या इंजिनाच्या ड्रायव्हरचं काय, हे विचारू नका.) रुळांच्या कडेने पोलीस आणि गावोगावचे चौकीदार उभे करायचे, रात्र असेल तर हातात मशाल. जानेवारीतली आपल्याकडची थंडी आठवा, आणि पाच-दहा सेकंदांत समोरून निघून जाणारे दिवे. ही भीती उगाच नव्हती. डिसेंबर 1907 मध्ये बीएनआरच्याच रुळांवर, खरगपूरजवळ नारायणगडला, बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या गाडीखाली क्रांतिकारकांनी बॉम्ब फोडला होता.

मला मात्र या प्रवासातला नागपूरचा थांबा जास्त बोचतो. राजा-राणीने तिथे सीताबर्डीच्या किल्ल्यावरून लोकांना दर्शन दिलं. त्याच टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली होती. आणि गोंदियाचा हा सगळा मुलूख त्याच नागपूरकर भोसल्यांचा.

आता तारखा बघा. भारतातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली 16 एप्रिल 1853 ला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. औरस मुलगा नाही म्हणून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल, म्हणजे राजाच्या प्रवासाचं सगळं साधन, लिलावात विकून टाकलं. बाप्पा! मुंबईकडून नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये, तेव्हा बसायला राजाच उरला नव्हता.

ज्यांची राज्यं वाचली त्यांची गोष्ट वेगळी. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर लाईनसाठी इंग्रजांना चक्क एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांसाठी. हो, राजाने सरकारला! बडोद्याच्या गायकवाडांच्या डभोईच्या छोट्या गाडीला 1862 मध्ये सुरुवातीला इंजिन नव्हतं, बैल ओढायचे. आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तर जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली. तिच्यातून पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार यायचे, बाटली उचलली की गाडी आपोआप थांबायची. हौसेला मोल नाही.

आपली लाईन हौसेची नव्हती. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर नागपूर-राजनांदगाव मीटरगेज टाकली गेली, छत्तीसगडचं धान्य बाहेर निघावं म्हणून. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बीएनआरने ती घेऊन रुंद केली. दुष्काळाने आणलेल्या रुळांवरून राजाची गाडी गेली.

पुढे राजे हवेत गेले. पाचव्या जॉर्जची नात एलिझाबेथ 1961 मध्ये विमानानेच दिल्लीला उतरली. आपल्याकडे बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये बांधली, ती मात्र राजासाठी नाही, महायुद्धासाठी. आज तिथे पोरंपोरी पायलट व्हायला शिकतात.

आणि राजाच्याच रेल्वेचा प्रवास करायचा असेल तर गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. मिरजेनंतरचा शेवटचा तुकडा कोल्हापूर संस्थानाचा, 1891 मध्ये सुरू झालेला. शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. उतराल ते स्टेशन त्यांच्याच नावाचं. डबा घरून न्या, प्रवास एक दिवसाहून जास्त आहे.